कपाशीत झाड नको म्हणणाऱ्यांना

विदर्भात कपाशीच्या वावरात फळझाड लावायचं म्हटलं की एकच उत्तर मिळतं : सावलीत बोंड धरत नाही. हे खरंच आहे. कपाशीला ऊन लागतं. दाट सावलीत पात्या गळतात आणि झाड नुसतं उंच जातं. पण दाट आमराईबद्दलचं हे सत्य विरळ ओळीत लावलेल्या झाडांवरही लादलं जातं, ते मला मान्य नाही.

हिशेबच मांडू. फळझाडांच्या दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवलं आणि ओळीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर जागा मोकळी सोडली, तर मधे ७ मीटर उरतात. तीन फुटांवर तास धरला तर त्यात कपाशीचे ८ तास बसतात. झाडं नसती तर ११ बसले असते. म्हणजे पाव हिश्शाहून थोडी जास्तच कपाशी गेली. झाडांचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा आकडा शेतकऱ्यापासून लपवू नये. पण विरोधकांनीही पुढचा प्रश्न टाळू नये : कोरडवाहू वावरात तो पाव हिस्सा दरवर्षी पदरात पडतो का? ऑगस्टात पावसाने ताण दिला की सगळेच तास सुकतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने यवतमाळपासून जळगावपर्यंत उभी पिकं खाल्ली. ज्याच्याकडे कपाशीशिवाय काहीच नव्हतं, त्याचं वर्षच गेलं.

झाडं कीड वाढवतात, हा दुसरा आक्षेप. गुलाबी बोंडअळी आंब्यावर किंवा सीताफळावर जगत नाही. ती पोसली जाते ती जानेवारीनंतरही उभ्या ठेवलेल्या फरदडीवर. पिठ्या ढेकूण मात्र सीताफळावरही येतो आणि कपाशीवरही, तेव्हा तिथे लक्ष ठेवावंच लागेल. एक विसंगती मात्र मला सतत खटकते. अळ्या टिपायला पाखरं यावीत म्हणून वावरात लाकडी पक्षीथांबे रोवण्याची शिफारस कृषी खातंच करतं, आणि आपण धुऱ्यावरचं जितं झाड तोडतो.

खरा अडथळा वेगळाच आहे, तो फवारणीचा. सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात तयार होतं, त्याच दिवसांत कपाशीवर औषधं मारली जातात. जो दर पंधरवड्याला डोळे मिटून पंप उचलतो, त्याने कपाशीत सीताफळ लावूच नये. ती फळं खाणाऱ्याशी प्रतारणा होईल. कीड मोजून, गरजेपुरती फवारणी करणाऱ्यासाठीच ही पद्धत आहे.

त्याच्यासाठी बरड जमिनीवर सीताफळच उत्तम. त्याला पाणी कमी लागतं, झाड फार पसरत नाही. शिवाय वेचणी संपल्यावर वावरात गुरं-शेळ्या सोडल्या तरी त्या सीताफळाच्या पानांना तोंड लावत नाहीत. आंब्याची कोवळी रोपं मात्र उन्हाळ्यात त्या शिल्लक ठेवत नाहीत. खड्डे, रोपं, लागवड यांत गावांना नवीन काही नाही. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना राज्यात १९९० पासून आहे.

सगळं वावर एकदम गुंतवू नका. यंदा उन्हाळ्यात एका एकरात उत्तर-दक्षिण ओळी आखून खड्डे घ्या. पहिली तीन-चार वर्षं फळाचा पैसा धरू नका. आणि आंबाच हवा असेल तर रोपांआधी कुंपणाच्या खर्चाची सोय करा.