मोफत उपचार, पण दाद मागायची कुठे?

डॉक्टरांवर हल्ला झाला की कडक कायद्याची मागणी होते आणि ती रास्तच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईत गिंडीच्या सरकारी रुग्णालयात एका रुग्णाच्या मुलाने डॉक्टरवर चाकूने वार केले. आईवर चुकीचे उपचार झाले, असे त्याचे म्हणणे होते. त्या कृत्याला माफी नाहीच. पण उपचारात खरोखर चूक झाली, तर गरिबाने जायचे कुठे?

पैसे मोजून उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने तो मार्ग पक्का केला. मात्र जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, ती रुग्णालये त्याच निकालाने ग्राहक कायद्याबाहेर राहिली. म्हणजे आमच्या कुंभकोणमजवळच्या भातशेतीत राबणारी बाई अशा सरकारी रुग्णालयात बाळंत झाली, तर तिला आयोगाकडे जाता येत नाही. दिवाणी कोर्ट आहे, पण मजुरी बुडवून तारखांना कोण जाणार? राहिली मेडिकल कौन्सिल. तिथे डॉक्टरांची चौकशी डॉक्टरच करतात. त्यावर कडी म्हणजे, राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद 2019 च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याने डॉक्टरपुरतीच केली. तक्रारदाराचा तिथे उल्लेखही नाही. हा उघड अन्याय आहे.

मुळात तक्रार करायला हातात कागद लागतो. आमच्या नात्यातल्या एका आजींना शस्त्रक्रियेनंतर घरी सोडले, तेव्हा अर्ध्या पानाचा कागद मिळाला. त्यावर नाव, वय, दोन गोळ्या आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवणे’. भूल कोणी दिली, रक्त का चढवावे लागले, याचा एक शब्द नाही. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत कागदपत्रे दिलीच पाहिजेत, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 पासूनचा नियम आहे. तो किती रुग्णांना ठाऊक असतो?

आम्हा तंजावरी मराठी मंडळींना अशा त्रोटक नोंदींची विशेष खंत वाटते. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या नेत्ररुग्णांचे केसपेपर तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. डोळा आधी कसा होता, उपचारानंतर कसा झाला, हे त्यांत नोंदले आहे. सोबत हाताने काढलेली डोळ्यांची चित्रेही आहेत. छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, आजारी पडलेल्या वाटसरूला वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न मिळते, असे त्यांनी 1801 च्या पत्रात इंग्रजांना कळवले होते. खर्च सरकारचा होता, म्हणून नोंद ढिली ठेवली नाही.

डॉक्टर म्हणतील, आधीच कामाचा डोंगर, त्यात चौकशीची भीती. त्यांचे पहिले म्हणणे शंभर टक्के खरे आहे; पदे भरणे ही सरकारचीच जबाबदारी. पण चौकशीच्या भीतीबद्दल म्हणाल, तर तामिळनाडूत प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, नातेवाइकांनाही विचारले जाते आणि त्यातून व्यवस्था सुधारते. फौजदारी खटल्याआधी तज्ज्ञांचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2005 मध्ये बजावले आहे. प्रामाणिक डॉक्टरने घाबरण्याचे कारण नाही.

तेव्हा संसदेने रुग्णालाही अपिलाचा हक्क द्यावा. तोवर तामिळनाडू आणि महाराष्ट्र सरकारांनी निदान एवढे करावे: सरकारी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, त्याने न मागता, त्याच्या भाषेतला पूर्ण केसपेपर द्यावा आणि तक्रार ऐकायला जिल्ह्यात डॉक्टरांबाहेरचाही माणूस बसवावा.

एक वाचक, कुंभकोणम (जि. तंजावर)