पालातले मूल आणि पायाखालची जागा

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विदर्भाची हद्द संपत आली की धाड लागते. या सीमेवरच्या टापूला, गावकुसापासून दूर माळावर किंवा गायरानाच्या कडेला पाले ठोकून राहणारी पारधी कुटुंबे अपरिचित नाहीत. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी सरकारदरबारी अधूनमधून चिंता व्यक्त होते. ती प्रामाणिक असेलही. परंतु ही मुले ज्या घरात वाढावयाची, ते घर कोणत्या जमिनीवर उभे राहणार, या प्रश्नापाशी आली की ती थबकते.

निवाऱ्याविना असलेल्या आईबापांच्या मुलांचे काय करावे, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी फार पूर्वी काढून ठेवले आहे: मूल वेगळे ठेवावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधार-वसाहतींत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. ऑस्ट्रेलियातही आदिवासींची मुले अशीच नेली गेली. त्याबद्दल तेथील पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. आपल्याकडे तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे आश्रमशाळा आल्या. त्यांची तुलना त्या वसाहतींशी करणे अन्यायाचे होईल. अनेक घरांत पहिले अक्षर त्यांच्यामुळेच पोहोचले. तथापि सहा वर्षांचे पोर आईपासून दूर धाडणे हाच शिकण्याचा एकमेव मार्ग उरावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. शिवाय तेथेही पाय स्थिरावतीलच असे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी उभारलेल्या ‘प्रश्नचिन्ह’ शाळेचा काही भाग २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी पाडला गेला. म्हणजे पाल उठते, आणि शाळाही उठते.

मग घरकुल का मिळत नाही? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाट प्रदेशात घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, असा हिशेब ठरला. पण भिंती उभ्या करण्यास आधी जमीन हवी. भूमिहीनांना जागेसाठी साहाय्य देणारी राज्याची वेगळी योजना आहे. मात्र अनुसूचित जमातीच्या लाभासाठी जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० रोजीच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून अद्याप पुसलाही गेला नव्हता! ज्यांना एका जागी टिकू दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांनी आजोबांचा कायम पत्ता दाखवावा, असा हा न्याय आहे.

गायरानावरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला. १ जानेवारी २०११ ही त्याची मर्यादा. पक्क्या भिंतीवाल्याला हे सिद्ध करता येते. पाल हलले की त्याचा पुरावाही हलतो. सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ साली बजावले, त्याचा हवाला अधिकारी तत्परतेने देतात. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, हे मात्र क्वचितच कोणी वाचून दाखवते.

हा अपवाद वापरण्यास नवा कायदा नको. महसूल खात्याने पालांची मोजणी पालाच्या जागीच जाऊन करावी, १९५० च्या कागदाऐवजी स्थानिक चौकशीवर दाखला द्यावा आणि पट्टा आईच्या नावे करावा. कारण बाप मजुरीला किंवा पोलिसांच्या संशयापायी बाहेर असतो, तेव्हा मुलांजवळ तीच असते. अडचण गावाची आहे. गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत येतो, आणि तेथे हात वर करणाऱ्यांत पालावरचा माणूस सहसा नसतो.