परसात सफरचंद कशाला? बोर आहे ना!

सरकारी दवाखान्यात रुग्णाला भेटायला येणारा माणूस दिवसाच्या मजुरीतून सफरचंदं आणतो. आजाऱ्याला सफरचंदच लागतं, हे घराघरात ठसलं आहे. एकाच झाडावर तीन-चार जातींची सफरचंदं बांधता येतात, हे ऐकून काही जण परसात असं कलम लावायला निघतात.

परभणीत हा खटाटोप करू नये, असं माझं मत आहे. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालची सुमारे 1000 तास थंडी लागते. ती इथे नाही. कमी थंडीवर येणाऱ्या जाती आहेत. पण मे महिन्यातलं 42 अंशांचं ऊन आणि पाणीटंचाई त्यांनाही चुकत नाही.

तीच कला बांधावरच्या बोरीवर वापरा. उन्हाळ्यात गावठी बोर छाटावी आणि पावसाळ्यात नव्या फुटव्यांवर जाणत्या माळ्याकडून वेगवेगळ्या जातींचे डोळे भरून घ्यावेत. गोला आधी पिकतं, उमराण उशिरा. त्यामुळे एकाच झाडाची बोरं घरात जास्त दिवस पुरतात.

100 ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम 5 मिलिग्रॅम असतं. बोरात त्याच्या कितीतरी पट, तर पेरूत 200 च्या आसपास. सफरचंद वाईट नाही, पण ते औषधही नाही. मधुमेहींनी मात्र बोरंही मोजूनच खावीत.

संक्रांतीच्या दिवसांत दवाखान्यात याल, तेव्हा रुग्णाला पथ्य नसेल तर घरचीच बोरं स्वच्छ धुऊन आणा. मजुरीचे पैसे औषधाला राहू द्या.