मिनेसोटाचा मका, कागलचा ऊस

मंडळी, आजचा विषय पेट्रोल. मराठी शिकवणाऱ्या निवृत्त मास्तराने इंजिनावर लिहावं म्हणजे अतीच झालं, असं आमच्या नातेवाइकांपैकी काहीजण म्हणणार. म्हणोत. बजाज चेतकवरून शाळेला जाण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, त्याला कार्ब्युरेटर उघडून साफ करण्याइतकं ज्ञान आपोआप येतं.

माझा एक पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फावर चालवायची एक गाडी असते, स्नोमोबाईल. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलची बैठक. बऱ्याच स्नोमोबाईलचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे आपल्या जुन्या चेतकच्या, लूनाच्या जातीचंच. तर तो सांगत होता, "काका, इथे या गाडीसाठी पंपावर वेगळं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नसलेलं." त्या नळीवर पाटीच असते, की हे पेट्रोल जुन्या संग्राह्य गाड्या, मोटारसायकली, होड्या, स्नोमोबाईल आणि छोटी इंजिनं यांच्यासाठीच आहे.

यात मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिनेसोटा हा मक्याचा मुलूख. तिथे मक्यापासून इथेनॉल काढतात आणि साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळणं राज्याच्या कायद्यानेच सक्तीचं आहे. म्हणजे इथेनॉलचे ते काही वैरी नव्हेत, उलट त्यावरच तिथल्या शेतकऱ्याची भिस्त. आणि त्याच कायद्यात त्यांनी या जुन्या आणि लहान इंजिनांना सवलत ठेवली आहे. पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल तर अमेरिकेत मोटारसायकल आणि स्नोमोबाईलमध्ये घालायला परवानगीच नाही. मोटारींनासुद्धा २००१ च्या किंवा त्यानंतरच्या असतील तरच.

का, तर इथेनॉलला पाण्याची ओढ फार. हवेतली ओल ते ओढून घेतं. थोडं पाणी जिरवतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पेट्रोल वर तरंगतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते वरच राहतं. नळी मात्र तळातून ओढते! म्हणजे इंजिनाला आधी मिळतं ते तेल नसलेलं पाणचट मिश्रण, आणि पिस्टन जाम होतो. त्यात इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटमधून मिश्रण पातळ जातं, इंजिन जास्त तापतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्याभरात संपून नवं येतं, म्हणून हे जाणवत नाही. स्नोमोबाईल सहा-सात महिने शेडमध्ये पडून असते. रोग धरतो तो तिथे.

आता कागलला या. इथे बर्फ कुठलं? पण पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल धरते, आणि खोपटात किंवा गोठ्याच्या कडेला पेट्रोलची छोटी इंजिनं उभी असतात. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, गवत कापायचं ग्रास कटर. यातली कितीतरी टू-स्ट्रोक, आणि वर्षातले मोजके दिवस चालणारी. आमची स्नोमोबाईल ती हीच. आणि ती कोणाच्या घरी असते? ज्याच्या उसाचं इथेनॉल होतं, त्याच्याच!

गैरसमज नको, मी इथेनॉलच्या बाजूचा आहे. कागलमध्ये राहून वेगळं म्हणणं म्हणजे ज्या ताटात जेवायचं त्यातच थुंकण्यासारखं आहे. आमच्या गावाची गणितं ऊसबिलावर चालतात. लग्नाची तारीख, पोराची फी, सोसायटीचं कर्ज, सगळं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासून आहे, पण साखर गोदामात पडून राहिली तर कारखान्याने द्यायचे कुठून? इथेनॉलचा पैसा साखरेच्या मानाने लवकर येतो. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हा या भागातल्या कट्ट्याकट्ट्यावर दुसरा विषय नव्हता.

प्रश्न प्रमाणाचा आणि निवडीचा आहे. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली. २०२२ च्या जूनमध्ये देशाची सरासरी दहावर आली आणि २०२५ मध्ये वीसवर. नव्या गाड्या वीस टक्क्यांचा विचार करून केलेल्या आहेत, त्यांचं ठीक. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल राहावं असं सुचवलेलं होतं. ते मागे पडलं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट पाटी मागणारी याचिका फेटाळली. ऊस उत्पादकाचं हित हा सरकारचा एक युक्तिवाद होता. ऊस उत्पादकाच्या नावाने बोलणाऱ्यांनी त्याच्या फवारणी पंपाचंही नाव घ्यायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

इथल्या एका पंपावर मी पोराला विचारलं, "यात इथेनॉल किती?" तो म्हणाला, "सर, पेट्रोल हाय की! आनि काय पायजे?" त्याचा दोष नाही. पाटी नसेल तर तो तरी काय सांगणार? काहीजण दर कमी म्हणून निपाणीकडे जाऊन टाकी भरतात. दर कमी असेल, पण इथेनॉल तिकडेही तेवढंच.

थोडं अंकगणित करू. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा. म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. चाळीसची सरासरी देणारी गाडी सदतीसवर आली तर मेकॅनिकला शिव्या देऊ नयेत. ब्राझीलचा दाखला सगळे देतात, पण तिथे २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आहेत. इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्के दरापेक्षा स्वस्त असेल तरच लोक ते घेतात. पंपावर उभं राहून हिशेब करायची मुभा त्यांना आहे.

"दोन-दोन टाक्या पंपवाल्याने कुठून आणायच्या?" असं कोणी विचारेल. अहो, महागड्या जादा ऑक्टेनच्या पेट्रोलची वेगळी टाकी कितीतरी पंपांवर आहेच ना! मिनेसोटातही ही सवलत जादा ऑक्टेनच्या पेट्रोललाच आहे. (ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, त्याचं ते माप. कमी दाबाच्या चेतकला त्याचा काही उपयोग नाही, पण काही हौशी मंडळी जुन्या लूनातही भारी पेट्रोल घालून ऐटीत फिरतात.) एका तालुक्याला असा एक पंप, वर ठसठशीत टक्केवारी आणि चार पैसे जास्त दर. ज्याला हवं तो घेईल. इथेनॉलचा खप त्याने कितीसा घटणार?

ते होईपर्यंत ज्यांच्याकडे जुनं टू-स्ट्रोक आहे त्यांनी टाकीत आठवड्याला पुरेल एवढंच पेट्रोल ठेवावं. पंप किंवा कटर हंगामानंतर ठेवताना टाकी रिकामी करावी, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. रबरी नळी फुगली किंवा चिकट झाली असेल तर बदलावी. आणि चेतकवाल्यांनी लिटरला वीस मिली टू-टी ऑइल मापानेच घालावं, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे.