घडीच्या सायकलीला कॅरिअर हवेच!

आमच्या वर्गातील एका मित्राने मध्यंतरी माझ्या सायकलीकडे पाहून शेरा मारला, "घडीच्या सायकलीला कॅरिअर लावणे म्हणजे छत्रीला खिसा शिवणे!" सगळे हसले. मीही हसले, कारण उपमा खरोखर चांगली होती. पण घरी जाताना तीन किलोमीटर पेडल मारता मारता मला तिचा राग येऊ लागला. त्या रागातून हा लेख लिहिला आहे. संपादकांनी तो छापलाच, तर त्या मित्राने तो पहिल्यांदा वाचावा.

प्रथम माझ्याकडे ही सायकल कशी आली ते सांगते. आमची वस्ती मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत शेतात आहे. फाट्यापर्यंत यायचे, तेथून एस.टी. किंवा काळीपिवळी मिळाली की पिशोर. साधी सायकल फाट्यावर ठेवून यावे, तर संध्याकाळी ती जागेवर असेलच याची खात्री नाही. असली तर चाकात हवा असेल याची नाही. माझे मामा पुण्यात असतात. त्यांनी चार वर्षे वापरलेली वीस इंची चाकांची घडीची सायकल मला दिली. मधोमध बिजागरी, तीवर खटका. खटका उघडला की पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी येऊन बसते, हँडल खाली मुडपते, सीटचा दांडा आत सरकतो. वजन पंधरा किलोच्या आसपास. सगळे मिळून बाजाराच्या मोठ्या पिशवीएवढे गाठोडे होते आणि ते उचलून गाडीत चढता येते. पहिल्या दिवशी कंडक्टरने विचारले, "ताई, हे काय मशीन आहे?" मी म्हटले, "सायकल." त्यांनी ती सीटखाली सरकवायला मदत केली आणि पुढे कधी हरकत घेतली नाही.

सायकल आली खरी, पण तिला मागे काही नव्हते. नुसते चाक, आणि त्यावर बोटभर मडगार्ड. घरी ती सगळ्यांनी फिरून फिरून पाहिली. आजीने दोन मिनिटे पाहिली आणि विचारले, "आन् हिच्यावर ठिवायचं कुठं?"

हा प्रश्न सायकल बनवणाऱ्यांना कोणी विचारला असेल का, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. ज्याला काहीच न्यायचे नसते, त्याच्यासाठी ती सायकल केलेली असते. जाहिरातीतला माणूस पाहा: इस्त्रीचा शर्ट, पाठीला चपटी बॅग, आणि रस्ता कसा, तर तुकतुकीत. आमच्याकडे सायकल ही आधी ओझ्याची असते आणि मग माणसाची. गारीगारवाल्याची पेटी कॅरिअरवर, दूधवाल्याच्या किटल्या कॅरिअरला, आणि सुरीला धार लावणारा तर सायकल स्टँडवर उभी करून कॅरिअरवरच बसतो आणि पेडलने दगड फिरवतो. डबलसीट जाणाऱ्या मैत्रिणींबद्दल तर बोलायलाच नको. कॅरिअर काढून टाकले तर यातल्या किती जणांची सायकल उरेल?

यावर कोणी म्हणेल की घडीच्या सायकलीचा जन्मच मुळी हलकेपणासाठी झाला आहे. तिच्यावर भार टाकणे हा तिच्या जातीचा अपमान आहे. हे मला इतिहासातूनही पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी.एस.ए. कंपनीने विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी घडीच्या सायकली केल्या. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक त्या खांद्यावर घेऊन उतरले. ते काही हवा खायला निघाले नव्हते. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० नंतरच्या दशकात 'ब्रॉम्प्टन' नावाची सोळा इंची चाकांची घडीची सायकल घडवली. आज ती जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यावर पुढची पिशवी हँडलला न लटकवता फ्रेमच्या नळीला अडकवतात, म्हणजे हँडल वळवले तरी ओझे वळत नाही. मागे कॅरिअर घेतले, तर त्याला छोटी चाके असतात. सायकल मिटली की ती त्या चाकांवर ढकलत नेता येते. म्हणजे ज्याने विचार केला, त्याने ओझ्याचाही केला. बाकीच्यांनी घडी उचलली आणि ओझे विसरले.

आता माझी फजिती. ती सांगितली नाही तर लेख अप्रामाणिक होईल.

आमच्या घरी दोन गायी आहेत. सकाळी दहा लिटर दूध फाट्यावरच्या संकलन केंद्रात घालायचे असते. वडील मोटारसायकलने नेत. पण अद्रकीच्या लागवडीच्या दिवसांत त्यांना वेळ होईना. मी फाट्यावर जातेच, तर दूधही न्यावे, असे ठरले. मी मोबाइलवरून एक कॅरिअर मागवले. सीटच्या दांड्याला फक्त आवळायचे, बाकी कुठे टेकू नाही. त्यावर '१० किलो' असे स्वच्छ लिहिलेले होते आणि मी ते वाचलेही होते. दूध दहा किलोच्या वर आणि कॅन दोन-अडीच किलोचा. दोन-तीन किलोने काय होते, असा हिशेब मी केला. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी ना! तिसऱ्या दिवशी नाल्याच्या उतारावर खड्डा लागला, पकड दांड्याभोवती गर्रकन फिरली, कॅन चाकावर आदळला आणि दहा लिटर दूध मातीने पिऊन टाकले. मी पडले नाही, एवढेच. घरी कोणी रागावले नाही. पण संध्याकाळी वडील आईला हळूच म्हणाले, "ती सायकल काही आपल्या कामाची नाही." हे वाक्य मला दुधापेक्षा जास्त लागले, कारण सायकल कामाची नाही ठरली की ती विकली जाणार, आणि सायकल गेली की फाट्यापर्यंत रोज मला कोण सोडणार?

एस.टी.चा मोठा संप झाला तेव्हा मी शाळेत होते. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास गाड्या थांबल्या त्या रुळावर यायला एप्रिल २०२२ उजाडला. त्या काळात आमच्या वस्तीवरच्या दोन मुलींची शाळा सुटली ती सुटलीच. त्यांना कोणी 'शिकू नका' म्हटले नव्हते. जायचे कसे, एवढाच प्रश्न होता. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पिशोरला सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले.

त्याआधी एका गॅरेजवाल्याने 'आणा इकडे, वेल्डिंगचे दोन टाके मारून देतो' असे सांगितले होते. चाचांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. या सायकलीची नळी पातळ पत्र्याची. साध्या वेल्डिंगने तिला भोक पडते, आणि नाही पडले तरी तापलेल्या जागी ती कमजोर होते आणि पुढे तिथेच तडकते. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर त्या मशीनचे काम तिथे चालतच नाही. "बेटा, जो भार आहे तो नळीवर नको, आसावर उतरला पाहिजे," असे म्हणून त्यांनी छपराला टांगलेले एक जुने काळे कॅरिअर खाली काढले. मोठ्या सायकलीचे, अठ्ठावीस इंची चाकाचे. माझे चाक वीस इंची. व्यासात आठ इंचांचा फरक, म्हणजे आसापासूनच्या उंचीत चार इंचांचा. त्यांनी दोन्ही पाय चार-चार इंच कापले, टोके ठोकून चपटी केली आणि नवी भोके पाडली. फ्रेमला आसाजवळ मडगार्डसाठी दोन भोके होतीच. त्यात पाच एम.एम.चे बोल्ट घातले. साखळीच्या बाजूचा बोल्ट त्यांनी आतून बाहेर घातला. मी कारण विचारले. बोल्टचे टोक आत राहिले तर सर्वांत लहान दात्यावरची साखळी त्याला घासते, एवढेच ते म्हणाले. पुढच्या दोन पट्ट्या त्यांनी सीटच्या दांड्याला न लावता मागच्या नळ्यांना रबर घालून क्लिपांनी आवळल्या. दांड्याला लावल्या असत्या तर तो आत सरकला नसता आणि घडीच झाली नसती.

सगळे बसवून झाले, पण त्यांनी शेवटचे आटे आवळले नव्हते. "आता मिटव," ते म्हणाले. मी मिटवली. पुढचे चाक येऊन कॅरिअरच्या डाव्या पायाला अडले. त्यांनी पाय काढला, ऐरणीवर ठेवून अर्धा इंच आत वाकवला, पुन्हा लावला, पुन्हा मिटवायला लावले. चौथ्या खेपेला खटका बसला. मग नायलॉनचे नट लावून पक्के आवळले. या कामाला सव्वा तास लागला, आणि त्यांनी जे पैसे घेतले ते मला सांगायला लाज वाटते इतके कमी होते.

गेले सात महिने दूध रोज जाते. फरक कशाने पडला ते शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मला समजावण्याची गरज नाही: आधीचे ओझे एका पकडीवर, चाकाच्या मागे लोंबत होते, आता ते दोन पायांवरून सरळ आसावर उतरते. लहान चाकाचा एक फायदाही मिळाला. कॅरिअर खाली बसल्याने कॅन खाली राहतो, आणि वळणावर सायकल झोकांडी खात नाही. तोटाही सांगते: पाय आणि मागचे चाक यांतले अंतर कमी असल्याने दोन्ही बाजूंना पिशव्या लोंबकळत सोडल्या तर टाच घासते. ओझे वर आणि पुढेच ठेवावे लागते. आणि डबलसीट अजिबात नाही! मधल्या बिजागरीवर माझे एकटीचे आणि दुधाचे वजन पुरेसे आहे. मैत्रिणी रागावतात, पण माझा नाइलाज आहे.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. कॅरिअर बसल्यानंतर घरात सायकलीची किंमत बदलली. येताना दळण आणायचे, सरकी पेंडेची लहान पिशवी आणायची, आजीच्या गोळ्या आणायच्या, हे सगळे आपोआप माझ्याकडे आले. वर्गातल्या एका मैत्रिणीने मला सुनावले, "म्हणजे मुलगी शिकायला जाते तर तिच्यावर हमालीही लादली." तिचे म्हणणे खोटे नाही. माझा भाऊ मोकळ्या हाताने कन्नडला जातो आणि मोकळ्या हाताने येतो. त्याला कोणी दळण सांगत नाही. हा अन्याय मला दिसतो, आणि मी तो घरात बोलूनही दाखवला आहे. (परिणाम: भाऊ आता रविवारी गिरणीवर जातो. एक दिवस तरी एक दिवस.) तरीही मी कॅरिअरच्याच बाजूने आहे. कारण सायकल घराच्या कामाची झाली म्हणूनच ती माझी राहिली.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तेथे जिल्हाधिकारी होत्या. हजारो शेतमजूर, खाणकामगार बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढे त्याच पसंत केल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांड्यावर मूल बसवता येते! कोणत्या कारखान्याच्या कागदावर हा उपयोग लिहिलेला असेल? बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी मोजून पाहिले, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींतले अंतर ४० टक्क्यांनी घटले, असे दिसले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली वाटल्या गेल्या. मी पाहिलेल्या त्या सर्व सायकलींना कॅरिअर होते, याबद्दल ज्यांनी ठरवले त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आणि आपले विद्यार्थी मित्र काय करतात? नवी सायकल घेतली की पहिल्या आठवड्यात कॅरिअर काढून भंगारात देतात. "दूधवाल्यासारखी दिसते." दूधवाल्यासारखे दिसण्यात वाईट काय आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. आपल्यापैकी निम्म्यांची फी दुधातून किंवा मक्यातून येते. पाठीवर सात किलोचे दप्तर घेऊन, घामाने शर्ट पाठीला चिकटवून येणे चालते. पण तेच दप्तर कॅरिअरवर ठेवले तर शोभा जाते! आमच्या इंग्रजीच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ओझे दिसू नये, ही शिकलेल्या माणसाची पहिली इच्छा असते." सरांशी मी सहसा वाद घालत नाही, पण या वाक्यावर त्यांच्याशी पुन्हा एकदा बोलायचे आहे.

शेवटी एक मागणी, प्राचार्यांना अर्ज देण्याआधी येथेच मांडते. आपल्या सायकल स्टँडजवळ हवा भरण्याचा एक पंप आणि पान्यांचा एक लहान डबा ठेवावा. पाच एम.एम.च्या बोल्टला आठ नंबरचा पाना लागतो, आसाच्या नटाला पंधरा नंबरचा. एवढे दोन असले तरी चालेल. खडीच्या रस्त्याने नट सैल होतात. पंधरा दिवसांतून एकदा ते तपासावे लागतात आणि त्यासाठी दर वेळी चाचांकडे जायला मला बरे वाटत नाही, कारण ते पैसे घेत नाहीत. डबा जिमखान्यात ठेवला तर कुलूप लागेल आणि किल्ली सापडणार नाही, म्हणून तो शिपाईकाकांच्या टेबलावर असावा. हिशेब मी ठेवीन.