बोगदा सुरक्षित, पण कोणासाठी?

कोकण रेल्वेचा विषय निघाला की ई. श्रीधरन यांचे नाव येते, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्याचे कौतुक येते. काम मोठे आहे, वादच नाही. पण याच मार्गाच्या बांधकामात 74 जणांचे प्राण गेले असे सांगितले जाते, आणि रत्नागिरीला त्यांचे स्मारकही आहे. त्यातले एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

पेडण्याचा बोगदा घ्या. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण खोदायला सुमारे सहा वर्षे लागली. तिथे कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खोदावे तेवढी पुन्हा घसरून येणारी. बोगद्यात सर्वांत धोक्याची वेळ कोणती? खोदाई झाल्यापासून छताला आधार मिळेपर्यंतची. त्या वेळी आधार नसलेल्या छताखाली जो उभा असतो तो बहुधा कंत्राटी मजूर असतो. त्याची सही हजेरीपटावर असते, आराखड्यावर नाही.

2020 च्या ऑगस्टमध्ये याच बोगद्याची भिंत ढासळली, 2024 च्या जुलैत आत पाणी शिरले. दोन्ही वेळा गाड्या थांबवल्या, वळवल्या. योग्यच केले. प्रवाशाच्या जिवासाठी वेळापत्रक मोडता येते. मग मजुराच्या जिवासाठी काम पूर्ण करण्याची मुदत का मोडत नाही?

उत्तराखंडचा सिलक्यारा बोगदा रस्त्याचा, पण प्रश्न तोच. 2018 च्या सरकारी मंजुरीत सुटकेची वाट होती. 2023 च्या नोव्हेंबरात दरड कोसळली तेव्हा आतल्या 41 मजुरांना ती वाट मिळाली नाही. सतरा दिवस ते अडकले. शेवटी यंत्र अडले आणि हाताने खोदणारे कामगार आत गेले. (ज्या रॅट-होल खाणकामावर हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातली, तेच कसब कामी आले. टाळ्या वाजल्या, पुढे काय?)

बाबासाहेबांनी 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. आज रूळ सांभाळणाऱ्याच्या जागी बोगदा खोदणारा ठेवून पाहा. धोका एका थराला, पदोन्नती दुसऱ्या थराला, ही वाटणी बदलली आहे का?

पालघरच्या डोंगरांत बुलेट ट्रेनसाठी बोगदे खोदले गेले आहेत. तिकडच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात अर्ज करावेत. खोदाई सुरू असतानाच सुटकेची वाट होती का? अपघातांच्या चौकशीचे अहवाल कुठे आहेत? छत हलताना दिसले तर पगार न कापता काम थांबवण्याचा अधिकार मजुराला लेखी दिला आहे का? आणि मृतांच्या यादीत मूळ मालकाची जबाबदारी धरली की उपकंत्राटदाराकडे बोट दाखवून फाइल बंद केली, हेही विचारा.