हायब्रीडची भाकरी, हायब्रीडची गाडी

‘बाबा, आम्ही हायब्रीड घेतोय.’
पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘काहून वं बाई? हायब्रीडच्या ज्वारीची भाकर खाल्ली हाय आम्ही. दाणा भरपूर, चवीच्या नावानं बोंब!’

आमचं दारव्हा यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात. तिथे हायब्रीड म्हटलं की बियाणं, गाडी नव्हे. त्यामुळे बाबांचा पुढचा प्रश्नही तसाच आला. ‘त्याचं बियाणं दरसाली नवं घ्या लागते. तसं बॅटरीचं हाय का?’

हसू नका मंडळी. शोरूममधल्या टायवाल्या मुलालाही मी पहिला प्रश्न हाच विचारला! उत्तर असं, की दोन्ही कंपन्या हायब्रीड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात.

दोन गाड्या म्हणजे मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर. मी आधी एक्सेल शीट वगैरे केली होती, दोन रंगांत! मग कळलं की या जुळ्या बहिणी आहेत. दोघीही 2022 मध्ये बाजारात आल्या, दोघीही बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात बनू लागल्या. स्ट्राँग हायब्रीडमध्ये तेच दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, तोच ऑटोमॅटिक गिअर, कागदावर तेच 27.97 चं मायलेज. फरक चेहऱ्यात, आतल्या रंगात आणि बिल्ल्यात. खरी निवड या दोघींमध्ये नाहीच मुळी. ती आहे स्ट्राँग आणि माइल्ड हायब्रीडमध्ये. माइल्डवाली बॅटरी इंजिनाला फक्त हातभार लावते, तिच्या जोरावर गाडी एकटी चालत नाही. स्ट्राँगवाली चालते. सिग्नलला, गर्दीत, हळू वेगात इंजिन बंद आणि गाडी चालू! ब्रेक मारला की बॅटरी थोडी भरते, प्लग लावायची भानगड नाही.

आता आमची गरज. गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. दर तीन महिन्यांनी नागपूरला तपासणी. आईचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना वैतागलेत आणि ‘आम्ही जाऊ बसनं, तू कामं कर’ हे वाक्य ऐकून माझा घसा दाटतो. म्हणजे महिनाभर पुण्यात ऑफिस-घर-शाळा, आणि तिमाहीत एकदा दारव्हा-नागपूर-दारव्हा.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे चौकातून चौकात. म्हणून आम्ही सेल्फ ड्राइव्हवाल्याकडून दिवाळीला एक आणि संक्रांतीला दुसरी, अशा दोन्ही भाड्याने घेऊन थेट गावी गेलो. (नवऱ्याच्या मते मी वेडी आहे. असो.) संभाजीनगरहून समृद्धी धरायची, कारंजा लाडला सोडायची. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मुभा आहे आणि तिथेच हायब्रीडची जादू ओसरते. त्या वेगाला इंजिन सतत सुरू, तीन सिलिंडरचा घरघराट कानात आणि मीटरवर 18. त्याच गाडीने पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये 22 दाखवले होते. उलटा हिशेब वाटतो ना? पण ब्रेकच मारला नाही तर बॅटरी भरणार कशी!

पैशांचं गणित मी असं मांडलं. शहरात वर्षाला 12 हजार किलोमीटर, पेट्रोल 104 रुपये, साध्या ऑटोमॅटिकला 14 आणि हायब्रीडला 22 चं मायलेज धरलं तर वर्षाला साधारण 32 हजार वाचतात. गाडीसाठी दोन लाख जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला सहा वर्षं. तुमचं ऑफिस घराजवळ असेल किंवा तुम्ही फक्त हायवेचे राजे असाल, तर सरळ माइल्ड घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतापर्यंत जायचं असेल तरी तीच घ्या. ऑल-व्हील ड्राइव्ह स्ट्राँगमध्ये मिळतच नाही.

दारव्ह्यात खरी परीक्षा आईने घेतली. सीटची उंची तिला आवडली. ना वाकावं लागलं, ना चढावं लागलं. बाबांनी वर पाहिलं. महागड्या व्हेरिएंटला काचेचं मोठं छत होतं. ‘मे महिन्यात आमच्याकडे 45 असते. हे काच काय पापड वाळवाले लावली?’ शिवाय त्या छतामुळे मागे डोक्यावरची जागा कमी होते, नवऱ्याचे केस टेकत होते. खालच्या व्हेरिएंटमध्ये हे छत नाही, पैसेही वाचतात. मी मनातल्या मनात ‘पॅनोरमिक’वर फुली मारली. जरा जड गेलं, खोटं कशाला सांगू...

मग मारुती की टोयोटा? 2024 पर्यंत टोयोटाची वॉरंटी जास्त होती. त्या वर्षी मारुतीनेही 3 वर्षं, 1 लाख किलोमीटर केली, तो मुद्दा संपला. हायरायडरचा चेहरा मला जास्त आवडतो. पण मारुतीचं सर्व्हिसचं जाळं छोट्या गावांत जास्त दाट आहे, आणि आईबाबा मागे बसलेले असताना मला आडरस्त्यात अडकायचं नाही. विटारा बुक केली.

बाबांना फोन केला. ‘बरं केलं,’ म्हणाले, ‘पण तारीख 14 ची हाय, तवापर्यंत येते का?’ येते, म्हटलं. मग आईने फोन घेतला. तिचा प्रश्न डिकीचा. स्ट्राँग हायब्रीडमध्ये बॅटरी डिकीची बरीच जागा खाते, हे तिने दिवाळीतच पाहून ठेवलेलं. ‘तुरीच्या डाळीचं पोतं कुठं ठेवशील?’

मागच्या सीटखाली पायांशी ठेवू, म्हटलं. लेकीचे पाय तसेही अजून खाली पोचत नाहीत.